पंच्याहत्तर होईपर्यंत

आमच्या भाऊजींना बाजारात कुणी नावाने हाक मारत नाही. सगळे त्यांना मिलिग्राम म्हणतात. वजनकाटे दुरुस्त करणारा माणूस, आणि त्यात स्वभाव असा की समोरच्याच्या तोंडून 'अंदाजे' हा शब्द आला की कपाळाला आठी पडलीच. लग्नासाठी मुलगी बघायला आले तेव्हा माझ्या वडिलांनी त्यांना विचारलं, घर इथून किती लांब? तर म्हणाले, "कुठल्या दारापासून मोजायचं?" ताई आतल्या खोलीत तोंडावर हात ठेवून हसली, आणि तिथेच फसली.

मी ताईचा धाकटा भाऊ. अठराव्या वर्षी भाऊजींच्या हाताखाली काम शिकायला लागलो, आता बेचाळीस पूर्ण झाली, पोट सुटलं, तरी त्यांच्या लेखी मी अजून बारक्याच आहे. दुकान खाली आणि घर वर, मध्ये लोखंडी जिना. दुकानात एका बाजूला दुरुस्तीला आलेले काटे, दुसऱ्या बाजूला आमचं बाक, आणि मागच्या भिंतीशी वर उभं राहून वजन करायचा मोठा काटा. रोज सकाळी दुकान उघडलं की पहिलं काम म्हणजे त्या काट्यावर वीस किलोचं तपासलेलं वजन ठेवायचं आणि समोरच्या पडद्यावर वीस पूर्ण येतात का ते बघायचं. हे वजन भाऊजी स्वतः उचलत. आकडा स्वतः वाचत. चोवीस वर्षांत त्यांनी माझ्या तोंडून ऐकलेल्या आकड्यावर एकदाही विश्वास ठेवला नाही. मला राग यायचा, पण त्यांचं चुकत होतं असंही म्हणता येत नाही.

त्यांच्या वडिलांचा एक पाय साखरेच्या आजाराने गुडघ्याखाली काढावा लागला होता. भाऊजी तेव्हा सोळा वर्षांचे होते. पट्टी बदलायचं काम त्यांच्याकडे होतं. याबद्दल ते कधी बोलले नाहीत, पण रात्री झोपण्याआधी दोन्ही तळपाय उलटून बघायची त्यांची सवय ताईने मला सांगितली होती. मागच्या वर्षी रक्त तपासलं तर साखर हद्दीवर निघाली. आजार नव्हे, हद्दीवर. वजन एकोणनव्वद. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज चाला, गोड कमी करा, वर्षभरात दहा किलो उतरवा, गोळीसुद्धा लागणार नाही. एवढं सरळ सांगितलं होतं. पण भाऊजी घरी आले ते चेहरा उतरवून, आणि त्या दिवशी त्यांनी तळपाय तीनदा बघितले.

तिथे आमच्या घरात पाणीसर शिरला. म्हणजे फोनमधून शिरला. हा गृहस्थ पूर्वी व्यायामाचं सामान विकायचा, आता लोकांना नुसत्या पाण्यावर ठेवतो. पंधरा दिवस, वीस दिवस, काहींना महिनाभर. त्याच्या ग्रुपमध्ये तीनशे माणसं. रोज कुणीतरी आपल्या पोटाचा आधीचा आणि नंतरचा फोटो टाकायचा. अन्न म्हणजे कचरा, पाणी म्हणजे झाडू, असं त्याचं म्हणणं. डोकं दुखलं तर विष बाहेर पडतंय. चक्कर आली तरी विषच बाहेर पडतंय. बरं वाटलं तर मग काय, पडलंच बाहेर. असा माणूस कधी चुकू शकत नाही, कारण त्याने चुकायला जागाच ठेवलेली नसते.

भाऊजींनी ठरवलं, पंच्याहत्तर किलो होईपर्यंत फक्त पाणी.

ताई डॉक्टरीणबाईंकडे धावली. त्यांनी सांगितलं, एखाद्या दिवसाचा उपास धडधाकट माणसाला चालतो, पण इतके दिवस नुसतं पाणी घ्यायचं तर दवाखान्यात राहून, रोज रक्त तपासून, आणि त्यांना विचाराल तर तसंही नको. चरबीबरोबर स्नायू जातात, रक्तातले क्षार खाली जातात, आणि हृदयही एक स्नायूच आहे. ताईने हे सगळं जिन्यात उभं राहून भाऊजींना सांगितलं. भाऊजी म्हणाले, "त्यांच्या गोळ्या खपायला नकोत का?" एवढा तोलून मापून बोलणारा माणूस, आणि हे कुठून शिकला ते कळायला मला फोन बघायची गरज नव्हती.

पहिले पाच दिवस आकडा भराभर उतरला. साडेत्र्याऐंशी. डोकेदुखीने त्यांचे डोळे लाल झाले होते, तोंडाला नासक्या फळासारखा वास येत होता, पण आकड्याकडे बघून ते मिशीतल्या मिशीत हसायचे. शेजारच्या रंगवाल्या दुकानदाराने त्यांना विचारलं, मिलिग्राम, आता खरंच मिलिग्रामवर येणार का? मीसुद्धा हसलो. सातव्या दिवशी त्यांनी पुन्हा रक्त तपासलं आणि साखर अगदी सुरेख आली. न खाणाऱ्या माणसाची साखर सुरेख येणारच. पण तो कागद त्यांनी बाकासमोर चिकटवला, आणि त्यानंतर ताईचं काही ऐकून घेणं बंद झालं.

मला भीती वाटायला लागली ती नवव्या दिवशी. सकाळी नेहमीसारखं त्यांनी वीस किलोचं वजन उचललं, सरळ झाले आणि तसेच उभ्याउभ्या मागे गेले. डोळे उघडे होते, पण बघत नव्हते. वजन त्यांच्या पायापासून चार बोटांवर पडलं आणि फरशीला खड्डा पडला. मी धरलं तेव्हा अंग थंड आणि हलकं लागलं, मला वाटलं होतं त्याहून फारच हलकं. थोड्या वेळाने शुद्धीवर आले आणि म्हणाले, झटकन उठलो म्हणून. मी वर जाऊन ताईला सांगितलं. तिने गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

त्या दिवसापासून वजन उचलायचं काम तिने त्यांच्याकडून काढून घेतलं. ते मी उचलायचं, काट्यावर ठेवायचं आणि आकडा मोठ्याने वाचायचा. भाऊजी बाकाजवळच्या खुर्चीत बसून ऐकायचे, तिथून पडदा दिसत नसे. मग उठून, काट्याचा दांडा धरून स्वतः उभे राहायचे. माणसाच्या शब्दावर कधी न विसंबलेला हा माणूस आता माझ्या शब्दावर होता, कारण वजन उचलायची ताकदच त्याच्या हातात उरली नव्हती.

बारा दिवसांनी ऐंशी किलो दोनशे. आता दिवसाला जेमतेम तीनशे-चारशे ग्रॅम उतरत होतं आणि त्याचा त्यांना राग येई. एखाद्या दिवशी आकडा जागचा हलला नाही तर ते पाणी कमी प्यायचे, ग्रुपवर विचारायचे, मग पाणीसर सांगायचा म्हणून एकदम दोन तांबे प्यायचे. चिमट्याने एक ग्रॅमचं वजन उचलताना हात थरथरायला लागला. एका किराणावाल्याचा काटा त्यांनी तीनदा तपासला आणि तिन्ही वेळा निराळा आकडा लिहिला. मी ते कागद गुपचूप खिशात घातले आणि काटा पुन्हा स्वतः लावला. पायात गोळे यायचे. जिना चढायला दोनदा बसावं लागायचं. दुपारी ते आडवे झाले की ताई शेजारी बसून त्यांच्या छातीकडे बघत राहायची. छाती वर गेली, खाली आली, वर गेली. मी एकदा विचारलं, काय करतेस? म्हणाली, मोजतेय. आमच्या घरात दुसरं काय येतं कुणाला.

एकोणिसाव्या दिवशी काटा सत्त्याहत्तर किलो तीनशेवर होता. भाऊजी म्हणाले, अजून आठ दिवस. ओठ फुटलेले, डोळे खोबणीत गेलेले, आणि अजून आठ दिवस. त्या संध्याकाळी ताई जिन्याच्या पायरीवर माझ्याजवळ बसली.

"बारक्या, आठ दिवस हे काढायचे नाहीत. तू काहीतरी कर."

"माझं ऐकतात का ते?"

"तुझं नाही ऐकत. काट्याचं ऐकतात ना."

ती एवढंच बोलली आणि वर गेली. तिच्या मनात काय होतं ते मी आजवर विचारलेलं नाही. जे केलं ते मी केलं.

काट्याच्या पाठीमागे एका झाकणाखाली बटण असतं. ते दाबून काट्याला सांगायचं असतं की आता तुझ्यावर ठेवलंय ते वीस किलो समज. दुसऱ्या दिवशी भाऊजी खाली यायच्या आधी मी काट्यावर वीस किलोचं वजन ठेवलं, त्याच्यावर सहाशे ग्रॅम आणखी ठेवले आणि बटण दाबून सांगितलं, हे वीस. झालं. आता तो काटा प्रत्येकाला थोडं थोडं कमी दाखवणार होता. ज्या माणसाने मला खोट्या काट्याला हात लावू नकोस म्हणून शिकवलं, त्याच्याच काट्याला मी खोटं बोलायला शिकवलं.

भाऊजी आले, खुर्चीत बसले. मी वजन ठेवलं. पडद्यावर एकोणीस किलो चारशे होतं. मी म्हणालो, "वीस पूर्ण." मग ते दांडा धरून उभे राहिले आणि समोर आकडा आला, पंच्याहत्तर. त्यांनी डोळे बारीक करून तो पुन्हा पुन्हा बघितला. एका रात्रीत दोन किलो कसे गेले, हा प्रश्न मिलिग्रामला पडायला हवा होता. पूर्वी नक्की पडला असता. पण उपाशी डोक्याला हिशेब सुचत नाही, हवं ते दिसलं की पुरतं. ते रडायला लागले. मी त्यांना मिठी मारली आणि मला वाटलं, वाचवलं.

आता उपास सोडायचा होता. यात काही धोका असतो हे आमच्यापैकी कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. माणूस खात नव्हता तोवर भीती होती, खायला लागला म्हणजे भीती संपली, इतकं साधं आम्ही धरून चाललो होतो. ताईने मध घातलेला फळांचा रस दिला. पाठोपाठ केळी, दूध-साखर, मऊ भात. रंगवाला मिठाईचा पुडा घेऊन आला. मी स्वतः बाजारातून द्राक्षं आणून एकेक त्यांच्या तोंडात घातलं. डॉक्टरीणबाईंना विचारू असं ताई एकदा म्हणाली. मी म्हणालो, आता कशाला, आता तर जेवतायत.

राहिला काटा. तो एकदम खरा केला असता तर एका दिवसात दोन किलोंनी वाढलेला दिसला असता आणि भाऊजींनी पुन्हा तोंड शिवलं असतं. म्हणून मी ठरवलं, रोज थोडाथोडा दुरुस्त करायचा, म्हणजे त्यांना वाटेल की जेवणाने वाढतंय. दुसऱ्या दिवशी शहात्तर किलो दोनशे. तिसऱ्या दिवशी सत्त्याहत्तर नऊशे. भाऊजींना धाप लागत होती. ताई घाबरली. मी तिला बाजूला घेऊन सांगितलं, काळजी करू नकोस, अन्न अंगी लागतंय. वजनाचं मला माहीत होतं ना. वाढ तर मीच बटण दाबून करत होतो.

चौथ्या सकाळी मी काटा पूर्ण खरा केला. भाऊजी उभे राहिले, ऐंशी किलो शंभर. मी मनाशी हिशेब केला. सत्त्याहत्तर तीनशे खरे होते, त्यावर जेवणाचा अर्धा-एक किलो धरला तरी ऐंशी कसे? मला वाटलं माझ्याच हाताने बटण दाबताना चूक झाली. मी पुन्हा वीस किलो ठेवले. वीस पूर्ण. चारही कोपऱ्यांवर ठेवून बघितले, वीस पूर्ण. काट्यात काडीची चूक नव्हती.

मग मी त्यांच्या पायांकडे बघितलं. चपलेचा पट्टा कातडीत रुतला होता. घोटे दिसत नव्हते. मी खाली बसून नडगीवर अंगठा दाबला आणि काढला, तर तिथे खळगा तसाच राहिला. ज्या पायांसाठी हे सगळं चाललं होतं तेच ते पाय.

"भाऊजी, हे कधीपासून?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडेही बघितलं. म्हणाले, "तुम्ही दोघं आज लवकर आलात." मग त्यांनी बाकाला धरायला हात पुढे केला, तो बाकाच्या वीतभर अलीकडे पडला.

दवाखान्यात नेईपर्यंत ताई त्यांची नाडी धरून बसली होती. म्हणत होती, चुकतेय, मध्येच चुकतेय. डॉक्टरीणबाईंनी पट्ट्या लावल्या, यंत्रावर रेघा उमटल्या आणि बाईंचा चेहरा बघून मला कळलं, हे अन्न अंगी लागणं नव्हतं. दोन नळ्या, चार इंजेक्शनं, धावपळ. तासाभराने त्या बाहेर आल्या.

त्यांनी समजावून सांगितलं ते असं. इतके दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात फॉस्फेट, पोटॅशियम असे क्षार आधीच संपत आलेले असतात. त्यात एकदम गोड आणि भरपूर अन्न गेलं की ते पचवायला शरीर रक्तात उरलेले क्षारही ओढून घेतं. मग हृदयाचा ताल चुकतो, अंगात पाणी साठतं, श्वास लागतो. बी-वन जीवनसत्त्वही संपलेलं असतं, त्यामुळे एकाचे दोन दिसतात, तोल जातो, माणूस भलतंच बोलतो. अशा माणसाला आधी ते जीवनसत्त्व द्यायचं, क्षार भरून काढायचे आणि अन्न चमच्याने मोजून वाढवत न्यायचं, रोज रक्त तपासत. उपासात जितकी माणसं दगावत नाहीत तितकी तो असा सोडताना दगावतात, असं त्या म्हणाल्या. ताई भिंतीला टेकली. तिने दिलेला रस, मी दिलेली द्राक्षं, दोघांनाही एकाच वेळी आठवली असणार.

"खायला सुरुवात केली तेव्हा वजन नक्की किती होतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"पंच्याहत्तर," ताई म्हणाली.

मी डॉक्टरीणबाईंना खिडकीपाशी घेऊन गेलो आणि सगळं सांगितलं. खरे सत्त्याहत्तर तीनशे, म्हणजे तीन दिवसांत पावणेतीन किलो पाणी. त्यांनी लिहून घेतलं. मला त्या रागावल्या नाहीत, हे रागावण्यापेक्षा वाईट होतं. एवढंच म्हणाल्या, की थांबवलंत ते बरं केलंत, पण थांबवून आधी इथे यायचं होतं. आणि ही गोष्ट त्यांना तुम्हीच सांगा, मी सांगणार नाही.

तीन दिवस माझा जीव टांगणीला होता. दवाखान्याच्या बाकड्यावर बसून मी दर वेळी दार उघडलं की उठायचो. ते गेले असते तर मी मारलं असतं की वाचवायला गेलो होतो, हे मी स्वतःला विचारत राहिलो, आजही विचारतो. मला फक्त भीती वाटत होती, ताईच्या तोंडाकडे बघायचीसुद्धा.

दवाखान्यातल्या पाचव्या दिवशी दुपारी त्यांची नजर जागेवर आली. पायाची सूज उतरली होती. ताई वाटीतली पातळ पेज चमच्याने भरवत होती, दर तासाला दहा चमचे, नर्स घड्याळ लावून जात होती. भाऊजींनी तीन चमचे घेतले आणि मला जवळ बोलावलं. आवाज बारीक होता.

"बारक्या, माझा फोन घे. ग्रुपवर लिही. एकोणीस दिवस, फक्त पाणी, पंच्याहत्तर किलो. शेवटी थोडा त्रास झाला, पण ठरवलं ते केलं. लोकांना धीर येईल."

मी फोन हातात घेतला. पाणीसराने कालच लिहिलं होतं, मिलिग्रामसाहेब कुठे आहेत, त्यांच्या फोटोची वाट बघतोय. खाली बत्तीस जणांचे अंगठे. त्यातल्या एकीने विचारलं होतं, माझ्या वडिलांना चालेल का? मी लिहायला लागलो. एकोणीस लिहिलं. पंच्याहत्तर लिहिता येईना.

"भाऊजी, पंच्याहत्तर झालं नव्हतं."

ताईचा चमचा वाटीत थांबला.

"मी काटा फिरवला होता. तुम्ही थांबावं म्हणून. वीस पूर्ण म्हणालो तेही खोटं होतं."

ते ओरडतील असं मला वाटलं. ओरडले असते तर मी पाय धरले असते. पण ते छताकडे बघत राहिले आणि त्यांच्या चेहऱ्यावर तो जुना भाव आला, दुरुस्तीला आलेला काटा उघडल्यावर येतो तो. सगळी चूक समोर दिसली की शांत होणारा.

"खरं किती होतं?"

"सत्त्याहत्तर तीनशे."

"म्हणजे दोन किलो तीनशे कमी पडले." त्यांचे ओठ हलत होते, हिशेब चालला होता. आता बरोबर चालला होता. "दिवसाला तीनशे धरले तर आठ दिवस."

"अहो," ताई म्हणाली. तिने चमचा पुढे केला. चमच्यातली पेज चादरीवर सांडत होती. भाऊजींनी तिच्याकडे बघितलं, मग चमच्याकडे बघितलं, आणि तोंड मिटून मान भिंतीकडे वळवली.